कल्याणप्पाची फटफटी आणि सव्वा फेरा

...अवो तसं न्हाय, आधी ऐका तर! फटफटीत दोष न्हवताच मुळी. तुम्हाला सांगतो, लोहाऱ्याचा आमचा कल्याणप्पा, पिढीजात धान्याचा अडत्या. लढाई संपल्यावर सोलापूरला लिलावात मिलिटरीची फटफटी घेतली, निजामाच्या करोडगिरी नाक्यावर, म्हंजे जकातीच्या, सलाम ठोकून ठोकून कंबर मोडून घेतली, अन् घरी आणली तर बाईसाहेब दारात उभ्या राहिल्या त्या गप्पच, इंजन चालूच होईना! मिस्त्री म्हणाला, "शेठ, लई सोपं हाय. कारबुरेटरचा हा हवेचा बारका इस्क्रू. पुरता आवळायचा, मग एक फेरा सोडायचा. एकच!"

एकच? आता मला सांगा, शुभकामात नुसता एक कुणी करतं का? नवस बोलायचा तर सव्वा, आहेर करायचा तर सव्वा, अन् फटफटीला तेवढा एक? ती काय बेवारशी हाय?

बरं, दिवस कसला? माकणीला साडूकडं बारसं! साडू म्हंजे गुंडप्पा, जिभेला हाड न्हाय. मागं भर पंगतीत म्हणाला होता, "साडूबुवा, तुमची फटफटी लई गुणाची. वैरण मागत न्हाय, अन् दारातनं हालत बी न्हाय!" सगळी पंगत खिदळली. कल्याणप्पाला झोंबलं. उष्ट्या हातानं उठला अन् म्हणाला, "बारशाला फटफटीवर बसून न्हाय आलो, तर ही मिशी उतरवून तुझ्या हातात देईन!" अन् लोहाऱ्यात त्या माणसाचं नाव घेण्यासारखं काय असंल तर ती मिशीच हो... बाकी काय, उजेडच!

तर बारशाच्या सकाळी अंगणात फटफटीला विभूती लावली, इस्क्रू आवळला, एक फेरा सोडला... अन् हात काय थांबतोय! केला सव्वा. मारली किक. चालली की! जरा खोकली, पण चालली. तेवढ्यात त्याची बायको पार्वतम्मा आरती घेऊन आली. "अवो, तुमचा सव्वा झाला, घरच्या लक्ष्मीचा न्हाय व्हय?" सोडला आणखी पाव. फटफटी शिंकली. आतनं अव्वा ओरडली, म्हंजे त्याची आई, इरम्मा, "अन् माझ्या देवाचा रं?" सोडला आणखी पाव. शेजारचा बब्रुवान नुसता चुलीला इस्तू मागायला आला होता, त्याचं बी तोंड एवढंसं झालं. "असू द्या, म्या परकाच की!" त्याचा बी पाव! शुभकामात नुसता एक कुणी करतं का?

तेवढ्यात फटफटी बंदच पडली. कल्याणप्पा वाकून कारबुरेटरात बघतोय अन् बब्रुवाननं मारली किक... फट्ट! आतनं जाळ आला अन् डावी मिशी चर्रकन् जळाली. पैज हरायच्या आधीच निम्मी वसूल!

आता तुम्ही म्हणाल, फेरे उलटे फिरवायचे की. व्वा! शकुनाचं दिलेलं माघारी घेतं का कुणी? अव्वाच्या देवाचं काढून घेऊ, का बायकोच्या लक्ष्मीचं? बोला की! अवो, घरात जेवायचं असतं माणसाला!

मग काय, सोडली बैलजोडी, फटफटीला बांधलं दोरखंड. फटफटीवर बसून येईन म्हणाला होता ना? बसूनच गेला! डोक्याला फेटा, हात हँडलवर, निम्मी मिशी वर, निम्मी उपरण्याखाली. मधनंमधनं भोंगा बी दाबत होता... कुणासाठी, बैलांसाठी?

माकणीच्या वेशीत बारशाची सगळी मंडळी जमली होती. गुंडप्पा पुढं आला. बैलांकडं बघितलं, दोरखंडाकडं बघितलं. आता मिशी मागतोय म्हणून कल्याणप्पानं उपरणं गच्च धरलं. पण गुंडप्पा हात जोडून म्हणतो कसा, "शरणु साडूबुवा! बारशाला आलात अन् बैल नुसते दोनच? शुभकामाला सव्वादोन पायजेत की!"

कुणी हसलं न्हाय. सगळ्यांनी फकस्त दोन बैल मोजले... अन् मग उरलेला पाव हुडकत सावकाश फटफटीच्या शिटाकडं बघितलं.

जाऊ द्या. शकुन तर पुरा झाला!