शाळेमागची जागा

परभणीच्या कोर्टातून निघालेली ती दोघं झरीच्या एसटीत शेजारी बसली, आणि त्यांचं बोलणं ऐकायला मागच्या बाकावरच्या, त्यांच्याच गावच्या राजेश्रीबाईंनी वाचायला काढलेला पेपर उघडलाच नाही.

“काय रे भागवत, सरपंच झालास म्हणून बोलायचं न्हाई का?”

“काय बोलू, मनकर्णाकाकू? गावाचं सभागृह तुमच्या घराच्या जागेवर बांधायचं, म्हणून ग्रामसभेत चारशे हात वर झाले. जजसाहेबाला कुणी मत दिलं होतं?”

“कुणीच न्हाई. म्हणून तर गेले त्याच्यापाशी. मत मागणारे समदे तुझ्या बाजूला होते. घर पाडायला जेसीबी आणलास, त्याच्या आधी मला नोटीस तरी दिलीस का?”

“चुकलं आमचं. घर पाडू नका म्हणाले जजसाहेब, कबूल. पण सभागृह शाळेमागं बांधा, हे सांगणारे ते कोण? तिथं पावसाळ्यात गुडघाभर पाणी असतंय! गाव आमी चालवायचं का कोर्टानं?”

“हे मातर खरं हाय. जागा गावानंच ठरवावी. तू तेवढ्यापुरतं अपिलात जा.”

“काकू, तुमी सांगायलाव हे?”

“मीच. कागद कर, मी अंगठा लावते. पण पुन्हा माझ्या दारात जेसीबी आणलास, तर त्याच जजसाहेबापुढं जाऊन उभी राहीन.”