अकरा बोटांचा आमाब्ले

(इक्वेडोरमधलं एक डोंगरी गाव. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कॉम्प्युटर दुरुस्तीवाला विल्मर आणि कारकून सोइला. इकडे मोठ्यांना आदराने डॉन, डोन्या म्हणतात.)

विल्मर : परत अडकलं. चौदा जणांच्या बोटांचे ठसे यंत्राच्या नव्या ड्रायव्हर प्रोग्रॅमने मुकाट घेतले, तुमच्या पाइपवाल्या डॉन आमाब्लेंपाशी अडून बसलाय.

सोइला : मग राहू दे ना जुनाच. हजेरीचं यंत्र नऊ वर्षं चाललंय, बिचाऱ्याची कधी कुरकुर नाही.

विल्मर : डोन्या सोइला, जुन्याने सगळ्यांचे ठसे उघड्यावर टाकलेत. कुणीही उचलावेत. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोट कुठून बदलणार? हा नवा मी यंत्र बनवणाऱ्यांकडूनच आणलाय. ठसे कुलपात ठेवतो.

सोइला : आधी ती मक्याची हुमिता खा. गार होतेय.

विल्मर : खातो. डॉन आमाब्लेंना बोटं किती?

सोइला : हे काय विचारणं झालं? दहा. पाइप फिरवून फिरवून झिजलीत, एकाचा ठसा लागेना म्हणून दहाही घेतली होती.

विल्मर : इथे अकरा आहेत, नवा दहाच्या वर घेत नाही. आणि अकरावं रोज आठाला दोन मिनिटं कमी असताना लागतं. तुमच्या हजेरीच्या लगेच मागे.

सोइला : कॉफीत साखर किती घालू?

विल्मर : डोन्या सोइला.

सोइला : माझी करंगळी आहे. डावी. सकाळी तो बायकोच्या, एर्मेलिंदाच्या, पायाची जखम धुतो, पट्टी बांधतो, तिला खाऊ घालतो, मग चालत येतो. साडेआठ होतातच. संध्याकाळी मात्र सगळ्यांच्या मागे निघतो, ते नाही दिसत तुझ्या यंत्राला?

विल्मर : दिसतं. साडेसहा, पावणेसात. पण हे बाहेर आलं तर दोघांचीही नोकरी जाईल.

सोइला : त्याच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलंय रे.

विल्मर : म्हणून तर सांगतोय. खालच्या गावातल्या कचेरीत दोघांना वेळ बदलून दिलीय, घरच्या आजारपणासाठी. यांनी कधी मागितली?

सोइला : आमाब्ले मागणार? पाहुणा म्हणून गेला तर दुसरी कॉफी मागत नाही तो.

विल्मर : ही करंगळी मला काढावीच लागेल.

सोइला : काढ. चार वर्षं रोज छातीत धडधडायचं बघ. आपल्या वरिष्ठ इंजिनियर बाईंना आजच सांगते, माझ्या करंगळीसकट. रागावतील. रागावू देत. पण वेळ बदलून देतील, माणूस ओळखतात त्या.

विल्मर : काढली. हे बघा, डॉन आमाब्लेंचेही ठसे घेतले नव्या ड्रायव्हरने. आता अर्ज कोण लिहिणार?

सोइला : मीच लिहिते, त्याचं अक्षर कुणाला लागत नाही. सही मात्र त्यालाच करू दे.