सरासरीच्या पलीकडचे बाबा

...आणि वर मलाच विचारतात, "तुझं तोंड का असं उतरलेलं?" अहो, ज्या माणसाच्या सहीने अख्ख्या देशाचं आयुष्य पंधरा वर्षांनी कमी झालं, त्याचं तोंड काय फुललेलं असणार?

तुम्हाला सांगतो, मी सांख्यिकी खात्यात आहे. म्हणजे कुठल्या देशात माणसं किती, डॉक्टर किती, जंगल किती, कोण किती जगतो, हे गोळा करायचं आणि शेजारी शेजारी मांडायचं. दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये म्हणतात ना, आम्ही ते पगार घेऊन करतो! यंदा त्याचं प्रदर्शन होतं. भिंतभर तक्ता, सत्तर देश, आणि मी तो चोख केलेला. शपथेवर सांगतो, चोख! छापखान्यात जाणार, एवढ्यात साहेब आले, मी चहा सांगायला बाहेर गेलो आणि परत येतो तो साहेब माझ्या खुर्चीत, खूश! "अहो, किती विस्कटलेली नावं ती! अकारविल्हे लावून टाकली. पाठवलासुद्धा तक्ता."

लावली होती हो, पण नुसती नावं! आकडे जिथल्या तिथेच! सत्तर देश उठले आणि एकमेकांच्या घरात जाऊन बसले!

हे मला कधी कळलं? फीत कापल्यावर! बघतो तर वाळवंटात ऐंशी टक्के जंगल. समुद्र ज्यांनी चित्रातच पाहिला ते मासेमारीत पहिले. आणि ज्या बेटाला चहा गार व्हायच्या आत फेरी मारून होते, त्याची लोकसंख्या एकशे चाळीस कोटी! माणसं काय एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतात तिथे? मला दरदरून घाम फुटला. म्हटलं, आता कोणीतरी ओरडणार... छे! पाहुणे हनुवटीला हात लावून म्हणतायत, "विचार करायला लावणारे आकडे आहेत हं!" मी साहेबांच्या कानाशी गेलो, तर साहेब दातांतल्या दातांत म्हणाले, "आकड्यांना बोलू द्या, तुम्ही गप्प बसा."

बसलो असतो हो गप्प! पण आपल्या देशापुढे जे आयुर्मान येऊन बसलं ते चौऱ्याऐंशी. खरं एकोणसत्तर. छापून आलं वर्तमानपत्रात, पहिल्या पानावर. आणि आमच्या घरात बाबा. वय एकाहत्तर.

आता बाबांचं सांगायला हवं. बाबा वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर होते. सगळा जन्म दुकानदारांची वजनं तपासण्यात गेला. सरकारी शिक्का उठला की ते खरं, मग देव खाली आला तरी बाबा ऐकायचे नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तो एकोणसत्तरचा आकडा वाचला, आणि स्वतः नेमके एकोणसत्तरचे! झालं! माणूस जो पलंगाला टेकला, तो टेकलाच. शर्ट आणला तर, "कशाला? माझी मुदत संपली." कवळी करू म्हटलं तर, "सरासरी संपलेल्या माणसाला दात कशाला?" एकदा तर जेवता जेवता म्हणतात, "मी सध्या दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचं जगतोय." घास उतरतो का हो घशाखाली?

आणि प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी घरी येतो, तर बाबा दारात. बूट घालून! "अरे, तेरा वर्षं वाढवून मिळाली!" तिथून जे सुटले... सकाळी फिरणं काय, कवळी काय, पोहायला शिकायचं काय! गल्लीत ज्याला त्याला, "आमच्या चिरंजीवांच्याच खात्याने काढलंय." मी घरात तोंड उघडायला गेलो, तर बायको लाटणं घेऊन पुढे. "खबरदार! दोन वर्षांनी हसतंय हे घर. आकड्यांना बोलू द्या, तुम्ही गप्प बसा!" म्हणजे साहेब इथेही!

पण ते बेट! त्यांच्या राजदूताचं पत्र आलं. "आम्ही फक्त चाळीस हजार आहोत. उरलेले कुठे उतरलेत ते कळवा, निदान चहापाण्याचं विचारू." साहेबांचा चेहरा पांढराफटक. "शुद्धिपत्रक काढा. सही तुमचीच." आता गप्प बसू नका, आता सही करा!

केली. आणि बाबांनी पेपरात वाचण्याआधी आपणच सांगावं म्हणून सांगून टाकलं. बाबा बूट घालत होते. एक पायात, एक हातात. "म्हणजे... एकोणसत्तरच?" मग हळूच म्हणाले, "कवळी परत घेतील का रे?"

तुम्हाला सांगतो, वीस वर्षं आकड्यांत काढली, पण आकड्यावर एवढा राग कधी आला नव्हता. आणि त्या रागातच सुचलं! "अहो बाबा, एकोणसत्तर हे आज जन्मलेल्या बाळाचं! त्यात पाळण्यात गेलेली पोरंही धरलेली, ऐन तारुण्यात गेलेलेही धरलेले. तुम्ही ते सगळं पार केलंत! एकाहत्तर गाठलेल्याचा हिशेब वेगळा असतो."

"त्याच्यावर शिक्का आहे?"

"आहे!"

काढला खात्याचा वयवार तक्ता. एकाहत्तरच्या माणसाला पुढे सरासरी किती? तेरा! एकाहत्तर आणि तेरा... चौऱ्याऐंशी! अहो, साहेबांनी घातलेल्या घोळातून आमच्या बाबांपुरतं बरोबर निघालं! दुसरा बूट पायात गेला. मी मोकळा श्वास घेतो न घेतो, तोच बाबा म्हणतात, "आता तुझं काढ."

"माझं कशाला?"

"काढ म्हणतो ना!"

मी सेहेचाळीसचा. पुढे एकोणतीस. म्हणजे पंचाहत्तर. बाबांनी चष्मा लावला. एकदा चौऱ्याऐंशीकडे बघितलं, एकदा पंचाहत्तरकडे, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "अहो, तसं नसतं ते, तुम्ही जिथवर पोचलात तिथवर मी अजून..." ऐकतोय कोण! पाठीवर हात ठेवला, आवाज एकदम मऊ. "घाबरू नकोस. मी आहे ना!"

तेव्हापासून बाजारातून येताना दोन्ही पिशव्या त्यांच्या हातात आणि मी मागून रिकाम्या हातांनी. लोक बघतात हो! जिन्यात थांबून विचारतात, "दम लागला का रे?" ...लागतो! काय करणार? इन्स्पेक्टरांनी तपासलंय, नऊ वर्षं कमीच भरतोय मी.