मनगटावरची बोटं

मंडळी, ऐका! साधा प्रश्न आहे – देह चालवणारा तो वरचा असताना आपण दिवसरात्र पहारा करत बसायचं, ही काळजी की अविश्वास? नको, उत्तर नको! तुम्ही उत्तर दिलंत तर माझं आख्यान इथंच आटोपेल!

तर भार्गवबुवा पखवाजी. लयीला असे पक्के, की कीर्तनकार घसरला – म्हणजे मी, नेहमीचाच – तरी उचलून समेवर आणून ठेवणार! एका संध्याकाळी चहा पिताना छातीत काय झालं? धक् धक्... ठोका गायब! आणि मग – धाडकन एक!

"अगं सुमती, आतला पखवाजी चुकला!"

झालं! तेव्हापासून बोटं मनगटावर. देवाला नमस्कारसुद्धा नुसत्या मानेनं! धास्तीनं झोप उडाली, म्हणून चहा वाढला, चहावर तंबाखू – ठोके आणखी चुकायला लागले. चुकणार नाहीत तर काय करतील बिचारे?

उत्सव तोंडावर आला आणि बुवांनी पखवाजाला गवसणी घातली. "यंदा दुसरा बघा. वाजवता वाजवता गेलो तर?"

"गेलात तर पखवाज काय मी बडवू?" सुमतीकाकू म्हणाल्या. "आधी डॉक्टरांकडे चला!"

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, इको केला. "हृदय ठणठणीत आहे, बुवा. एखादा ठोका घाईनं पडतो, मग जरा थांबतो, आणि पुढचा जोरात पडतो. तुमचा हात कधी घाई करत नाही?"

बुवांनी हात मागं घेतले.

"करतो की!" काकू म्हणाल्या. "मग समेवर अशी थाप हाणतात, की लोक 'वाहवा' म्हणतात!"

"चहा कमी, तंबाखू बंद, झोप पुरेशी. भोवळ आली, छातीत दुखलं, तर तडक या. आणि ते मनगट सोडा!"

"मग हातांनी करू काय?"

"वाजवा!"

उत्सवात अभंग रंगला, आणि छातीत – धाडकन! बोटं मनगटाकडे निघाली. पण पखवाजाला दोन्ही हात लागतात हो! बोटं काढावीत तर अभंग कोसळतो! बुवांनी डोळे मिटले आणि थाप मारली. आत एक चुकला, बाहेर एकही नाही! बाहेर चुकलो तो मी – कडवंच विसरलो. सांभाळलं कुणी? बुवांनी!

तेव्हा मंडळी, तपासून घ्या, सांगितलेलं पाळा, मग ज्याचं काम त्याला करू द्या. मघापासून बघतोय, पुढच्या रांगेत मनगटं धरलेली आहेत! हसू नका, मीही उपरण्याखाली माझं धरलंय! सोडा, मीही सोडतो. टाळीला दोन हात लागतात!