कोंडीरामाचा एकही खाडा नाही

(लालबागमधली गंगुबाईची खानावळ. कामगारांचे कार्यकर्ते अण्णा आले आहेत. दुपारची पंगत उठून गेली आहे.)

अण्णा : ...तर गंगुबाई, गिरणीच्या कचेरीत जाऊन तुमच्या गाळ्यात राहणाऱ्या सगळ्यांचे कामगार विम्याचे हप्ते बघून आलो. कोणाचे अर्धे भरलेत, कोणाचे हरताळात तुटलेत. एकट्या कोंडीरामाचे काठोकाठ. सबंध सहामाहीत एक खाडा नाही. त्याचा विमा पुढे बिनघोर चालू राहील.

गंगुबाई : ताक घ्या.

अण्णा : घेतो. पण आधी त्याला बोलवा. बाकीच्यांना बघू दे. दर सहामाहीला फणसवाडीहून इथवर येऊन मी घसा कोरडा करतो, की बाबांनो, हप्ते तुटले तर पुढे विम्याचा डॉक्टर बघणार नाही. ऐकतं कोण?

गंगुबाई : तो खाली येणार नाही.

अण्णा : पाळीवर आहे?

गंगुबाई : आहे. आणि वर तिसऱ्या माळ्यावर निजलाय पण.

अण्णा : म्हणजे?

गंगुबाई : शिकलेल्या माणसाला फोड करून सांगावं लागतं ते हे असं. शिमग्यापासून खोकल्यातून रक्त पडतंय त्याच्या. गिरणीत त्याच्या सुताच्या साच्यावर उभा राहतो तो भिवा, त्याचा चुलतभाऊ. कोंडीरामाचा हजेरीचा बिल्ला लावून.

अण्णा : शिमग्यापासून. आणि मुकादम काय करतो?

गंगुबाई : नवाच आलाय. साचा चालताना दिसला की त्याचं भागतं. आमच्यात ही रीतच आहे, अण्णा. एक गावाला गेला की भावाने त्याच्या साच्यावर उभं राहायचं, जागा राखायची. माझ्या घोवाची जागा पण अशीच राखली होती. कोणाचं काय वाकडं झालं?

अण्णा : गावाला जाणं वेगळं. हा आजारी आहे. औषध कोणाचं?

गंगुबाई : भायखळ्याच्या वैद्याचा काढा.

अण्णा : काढा. अहो, विम्याचे हप्ते मग कशाला भरायचे? विम्याच्या डॉक्टरचा दाखला घेतला असता तर आत्तापर्यंत इस्पितळात खाट मिळाली असती.

गंगुबाई : आणि छातीचा आजार म्हटल्यावर गाळ्यातून वळकटी बाहेर पडली असती. तुमच्या दोन खोल्यांत बसून हे कळायचं नाही. इथे एक उठला की त्याच्या उबेत दुसरा निजतो.

अण्णा : त्याच उबेत तो खोकतोय, गंगुबाई.

गंगुबाई : ठाऊक आहे मला. म्हणून तर तोंड उघडलं. नाहीतर मी सांगणारी नव्हे.

अण्णा : हे मी ऐकायला नको होतं.

गंगुबाई : ऐकलंत ना? आता वाट काढा. संयुक्त महाराष्ट्र आणायला निघालात, एका माणसाला इस्पितळात न्यायची वाट सापडत नाही होय?

अण्णा : टोमणे नंतर मारा, दमलोय मी. हे बघा. कचेरीत खरं सांगितलं तर हप्ते खोटे ठरतील, विमा गेला. नाही सांगितलं तर हजेरीत हा रोज ठणठणीत आहे. डॉक्टर छाती बघून आजारी लिहिणार, आणि त्याच दिवशी गिरणीत याची हजेरी लागलेली असणार. मग विमाही जातो आणि नोकरीही.

गंगुबाई : म्हणजे भिवाने जायचं बंद करायचं.

अण्णा : उद्यापासून. मग दाखला निघेल, लांबल्या आजारासाठी विम्याची मुदत वाढली की पुढचे उपचारही मिळतील. हप्ते भरलेत म्हणून. म्हणजे, भिवाने भरलेत म्हणून.

गंगुबाई : आणि त्या भिवाचा विमा?

अण्णा : गिरणीत त्याच्या नावावर काय आहे?

गंगुबाई : धूळ आहे.

भिवा : काकी, भात उरलाय काय गे? अण्णा, राम राम.

गंगुबाई : बस. कानातला कापूस झाड आधी.

भिवा : आज सूत नुसतं तुटत होतं. तरी मुकादम खूश. म्हणाला, कोंडीराम, तुझ्यासारखी चार माणसं असती तर मला झोप लागली असती.

गंगुबाई : भिवा, उद्या जायचं नाही.

भिवा : का? हरताळ आहे?

गंगुबाई : कोंडीराम आजारी पडणार आहे उद्यापासून.

भिवा : तो पडलेलाच आहे.

गंगुबाई : कागदावर पडायचाय अजून. विम्याचा डॉक्टर बघणार त्याला. तू हजेरी लावत राहिलास तर बघूनही उपयोग नाही.

भिवा : मग मी बदली कामगार म्हणून लागतो. माझ्या नावाने.

अण्णा : अरे, तिथे तुझं तोंडच कोंडीराम म्हणून ओळखतात. त्याच फाटकातून उद्या भिवा म्हणून कसा शिरशील?

भिवा : ...हां. ते पण आहे.

गंगुबाई : दुसरी गिरणी बघू.

भिवा : गावी बायकोला, सुभद्रेला कळवलंय मी, गणपतीला येतो आणि तुला घेऊनच परततो. परळला खोलीचं बोलून ठेवलंय. काकी, अजून थोडे दिवस. त्याला उतार पडतोय की. काल पेज प्याला.

गंगुबाई : ती पेज मी पाजली, आणि ओकला ती मी पुसली. तू पाळीवर असतोस. तुला काय दिसणार?

भिवा : शिमग्याला तूच म्हणालीस, उभा राहा.

गंगुबाई : म्हणाले. आज म्हणते, राहू नको. शिव्या द्यायच्या तर मला दे.

भिवा : कोंडीरामदादा काय म्हणतो?

गंगुबाई : विचारलं नाही. विचारलं तर म्हणेल, भिवाचं पोट मारू नका. मग मी कोणाला मरू देऊ, ते तूच सांग.

भिवा : ...साचा त्याचाच आहे म्हणा. अण्णा, खाट मिळेल ना नक्की?

अण्णा : दाखला मिळाला की अर्ज माझ्या हाताने करतो. खाट कधी रिकामी होईल ते मी खोटं सांगणार नाही. सुया मात्र लगेच चालू होतील.

भिवा : मग हा बिल्ला घे, काकी. त्याच्या उशाला ठेव.

गंगुबाई : तूच ठेव. चार शब्द बोल त्याच्याशी. रडलास तर मार खाशील.

भिवा : आणि उद्यापासून माझ्या जेवणाचं...

गंगुबाई : मी विचारलं का तुला, मेल्या? गप जेव आणि लवकर नीज. सकाळी त्याला जिने उतरवायचेत. तू वरून धर, मी खालून धरते.