सुखदेवच्या वाटचा चहा

मंडळी, आणि तिकडं पडवीत बसलेल्या मायबहिणींनो,

या शाळेच्या अंगणात एवढी माणसं मी फक्त झेंडावंदनाला पाहतो. आज सगळ्यांच्या माना खाली आहेत. बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मास्तर, आणि मास्तराला बोलता येतं असं तुम्ही समजता. मी पाटलांना दोनदा नाही म्हणालो. मग वाटलं, जे पोटात आहे ते आज चारचौघांत बोललो नाही, तर कधीच बोलणार नाही. म्हणून उभा राहिलोय. मध्ये थांबलो तर सांभाळून घ्या.

सुखदेव गेला. स्टेशनासमोरचं त्याचं हाटेल तेरा दिवस बंद आहे. आपल्या जऊळक्याला चहा त्यानंच शिकवला, हे जुन्या माणसांना माहीत आहे. आधी इथं चहा म्हणजे तापावरचं औषध. सुखदेवनं गुळाचा काळा चहा द्यायला सुरुवात केली. लोक तोंड वाकडं करून प्यायले, आणि दुसऱ्या दिवशी परत आले. मग रेशन उठलं, साखर मोकळी झाली, आणि त्याच लोकांना गुळाचा चहा नकोसा झाला. सुखदेव हसायचा. म्हणायचा, "गुर्जी, जीभ मोठी बेइमान हाये."

पण त्या बेइमान जिभा त्याला पाठ होत्या. कोणाला किती साखर, कोणाला आलं, कोणाला नुसती पत्ती. मी इथं बदली होऊन आलो तेव्हा मला दुधाळ चहा लागायचा. लग्नानंतर कडक लागू लागला. माझी आई गेली त्या वर्षी मला आल्याचा चहा जाईना. मी त्याला काही बोललो नव्हतो. तिसऱ्या दिवशी त्यानं न सांगता बिनआल्याचा कप पुढं ठेवला. इतकं त्याचं लक्ष.

मंडळी, याच लक्षाची पुढं आपल्याला भीती वाटू लागली. वाटू लागली की नाही?

किसनमामा गाडीवान आठवा. एक दिवस ते म्हणाले, चहा गोडच लागत नाही, टाक अजून. सुखदेवनं टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तो म्हणाला, "मामा, साखर तेवढीच हाये. तुमची जीभ बदलली. दाक्तरले दाखवा." मामा हसले. पुढं त्यांच्या पायाला जखम झाली, ती काळी पडली, आणि दिवाळीच्या आत ते गेले.

मग गंगामावशी. गाडी आली की फलाटावर वांगी, मेथी विकायच्या. जन्मभर दुधाळ चहा. एक दिवस त्यांना दुधाचा वास सहन होईना. सुखदेव त्यांच्याकडे पाहत राहिला आणि तेच बोलला. मावशी चिडल्या. त्यांनी पेरलेली मेथी काढायला त्या राहिल्या नाहीत, ती त्यांच्या सुनेनं विकली.

तेव्हापासून काय झालं? आपण त्याच्या हाटेलात "नेहमीचाच दे" म्हणू लागलो. नेहमीचा नको असला तरी. मी माणसं पाहिली आहेत, घशाखाली उतरत नसलेला चहा डोळे मिटून पिणारी. कशासाठी? तर सुखदेवनं आपल्याकडे तसं पाहू नये म्हणून.

आणि तिसरा? तिसरा यशवंता गँगमन. आठ दिवस त्याच्या बशीत अर्धा चहा राहिला. सुखदेव बोलला. यशवंता त्याच आठवड्यात अकोल्याला गेला, दवाखान्यात महिनाभर पडून राहिला, आणि बरा होऊन आला. तो बघा, लिंबाखाली बसलाय. पण त्याचं नाव कोणी घेत नाही. गेलेले दोघे आपल्या लक्षात राहिले, वाचलेला एक आपण विसरलो. सुखदेवही विसरला. आणि त्याला आठवण करून देण्याचं काम माझं होतं.

आता मी मुद्द्यावर येतो.

संक्रांतीनंतरची गोष्ट. तुम्हाला माहीत आहे, संध्याकाळची गाडी गेली की मी सुखदेवच्या घरी ओट्यावर बसायचो. सरूवैनी दोन कप आणून ठेवायच्या आणि आत जायच्या. एक दिवस त्या आत गेल्या, आणि सुखदेवनं आपला कप माझ्याकडे सरकवला.

"गुर्जी, माह्या वाटचा तुमी पेता काय?"

मी म्हटलं, "काहून?"

"मले वासच सयन होत नाई. आठ दिस झाले. जिभेवर लोखंड ठेवल्यावानी लागते."

दिवसभर तो माणूस उकळत्या पत्तीसमोर उभा राहायचा. मी विचारलं, मग हाटेलात काय करतोस? तो म्हणाला, "तोंड फिरवतो. नाकाले शेला लावतो. धूर झाला मनतो."

मी म्हटलं, "उद्या अकोल्याला जाऊ."

त्यानं दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी ज्याले ज्याले सांगतलं, त्याचं काय झालं तुमाले ठाव हाये. आता मले कोन सांगन? अन् हिले कळलं तं ही माह्याकडे तशीच पाहीन, जसं सारं गाव गंगामावशीकडे पाहे. ते मले नाई पायजे. कोनालेच सांगू नका, गुर्जी."

तिथं मी "अरे, यशवंता वाचला ना?" असं म्हणायला हवं होतं. चार शब्द. ते मला सुचले नाहीत. खरं सांगू? मलाही वाटलं होतं की आता हा जाणार. मी शिकलेला माणूस, पोरांना आरोग्याचा धडा शिकवतो, आणि मी एका जिभेच्या बदलाला फाशीचा हुकूम समजलो. मी त्याला वचन दिलं आणि त्याच्या वाटचा चहा प्यायलो.

रोज प्यायलो, मंडळी. दोन महिने. त्याच्या कपातून. तो ओठ लावल्यासारखं करायचा, दाराकडे पाहायचा, आणि कप माझ्याकडे यायचा. रिकामा कप पाहून वैनींना बरं वाटायचं. एकदा त्यांनी मला अंगणात थांबवलं. म्हणाल्या, "गुर्जी, हे असे वायून हाडकले काहून? चहा तं सारा पेतात."

मी काय म्हणालो? "ऊन फार आहे, वैनी."

त्याच आठवड्यात दुपारच्या उन्हात मी त्याचे डोळे पाहिले होते. हळदीसारखे पिवळे. तरी मी "ऊन फार आहे" म्हणालो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दुपारची गाडी फलाटावर उभी होती आणि तो चुलीपाशी कोसळला. त्याच गाडीनं त्याला अकोल्याला नेलं. मी आणि वैनी सोबत. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, खाणंपिणं कधी सुटलं? वैनी म्हणाल्या, "काल सांजवरी चहा पेले ना, सायेब. मीनं सोता देला. कप रिकामा होता."

डॉक्टर लिहू लागले. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "तो चहा मी प्यायलो. दोन महिन्यांपासून मीच पितोय."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. मी विचारलं, आधी आणला असता तर? ते म्हणाले, "सांगता येत नाही. पण काहीतरी करून पाहता आलं असतं." वैनी माझ्याकडे पाहत होत्या.  त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सुखदेव गेला.

वैनी, तुम्ही पडवीत बसला आहात. मी गावासमोर सांगतो, तुमच्या नवऱ्याचा आजार मी तुमच्यापासून लपवला. दोस्ती म्हणून लपवला असं मी स्वतःला सांगत होतो. ती दोस्ती नव्हती. मला भीती वाटत होती, म्हणून मी त्याच्या भीतीला साथ दिली.

आणखी एक सांगायचं आहे. हे मी माझ्या घरीही सांगितलेलं नाही. माझी पत्नी तिकडंच बसली आहे, तिनं घाबरू नये. आज पाच दिवस झाले, मला चहाचा वास सहन होत नाही. सकाळी तिनं दिलेला कप मी परसात ओतला. आधी वाटलं, दुःखानं होत असेल. मग आज सकाळी आरशात डोळे पाहिले.

कोणी उठू नका. बसा. मी उभा आहे, बोलतोय.

उद्या सकाळच्या गाडीनं मी अकोल्याला जातो. यशवंताला मघाशी विचारलं, तो सोबत येतोय. काय होईल ते मला माहीत नाही. मला भीती वाटते, आणि ती मी तुमच्यापासून लपवत नाही. तुमच्यापैकी कोणी पानातलं अन्न गुपचूप कुत्र्याला घालत असेल, कप परसात ओतत असेल, तर त्यानं आज घरी गेल्यावर सांगावं. ऐकणाऱ्यानं रडू नये. चप्पल घालावी आणि त्याच्यासोबत स्टेशनावर यावं.

वैनी, मला एवढ्यात माफ करू नका. मी परत आलो तर तुमच्या दारात येईन. तेव्हा काय बोलायचं ते बोला.

सुखदेवा, तू सगळ्या गावाला खरं सांगितलंस, आणि तुला खरं सांगणारा आमच्यात एकही निघाला नाही. तुला माझा नमस्कार.

आता सगळे उभे राहू. दोन मिनिटं कोणी काही बोलू नये.