चंपीचे वाळे

बसा मंडळी, बसा. मागं कोण शेंगा फोडतंय? खा बाबा, पण टरफलं खिशात ठेव, देवाच्या दारात नको. आज मला तुम्हाला एक विचारायचंय. तुमच्या घरच्याच माणसानं तुमचं कधी भरून न येणारं नुकसान केलं — आणि केलं ते निव्वळ मायेपोटी — तर त्याला ते सांगावं का? अं? लगेच माना हलवू नका. आधी ऐका.

घाटाखालच्या एका वाडीत केरबा लोहार राहायचा. घरात म्हातारी आई गोदाबाई, बायको अनसूया आणि दोन वर्षांची लेक चंपी. चंपीच्या पायात चांदीचे वाळे, त्यांना बारके घुंगरू. पोर कुठं आहे ते केरब्याला भट्टीपाशी बसून आवाजावरनं कळायचं.

एका श्रावणात चंपीला ताप भरला. उतरेचना. गोदाबाई म्हणाली, "महादेवाचं तीर्थ आणते, तोवर पोरीपाशी बसा." गेली. पुजारी नदीवर आंघोळीला गेलेला! म्हातारी पायरीवर ताटकळली. तीर्थ घेऊन परत आली, तोवर पोर गेली होती. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मला उशीर झाला." पुढं भाकरी थापताना, जात्यावर बसताना, तेच. मला उशीर झाला.

मग मुलगा झाला. आता त्याला वाळे हवेत. पण गेलेल्या लेकराचे वाळे दुसऱ्या लेकराच्या पायात घालत नाहीत, मोडून नवे करतात. केरबा निघाला सोनाराकडं. अनसूया आडवी आली. "त्याच्या मुशीत दहा घरची चांदी पडते. मला माझ्या चंपीचीच पाहिजे." केरबा म्हणाला, "मग मीच करतो."

आता लोहाराला चांदी ओतता येते का? आमच्या या पेटीवाल्याला पखवाज दिला तर काय होईल? हसू नका, गेल्या एकादशीला ऐकलंय तुम्ही. केरब्याचा हात लोखंडावर घण घालणारा. त्यानं मातीचा दोन भागांचा साचा केला, आत सरळ खाच, वर तोंड. कांब ओतायची आणि मग वाकवायची, एवढंच. पहिल्यांदा चांदी नीट तापली नव्हती, अर्ध्या वाटेत थिजली. पुन्हा वितळवली. दुसऱ्यांदा कांब निघाली, पण आंबोळीला पडतात तशी भोकंच भोकं. तेव्हा त्याला उमगलं, साचा आतून ओला राहिलाय. मग तो साचा त्यानं उन्हात वाळवला, चुलीच्या उबेला ठेवला. बायकोला बजावलं, "ओलं बोटसुद्धा लावू नको याला. पाणी असलं तर चांदी उलटून अंगावर येते."

बायकोला सांगितलं. आई तेव्हा देवळात होती.

सोमवार होता. केरब्यानं साचा मांडला आणि वितळल्या चांदीची मूस उचलायला भट्टीकडं वळला. तेवढ्यात गोदाबाई आली, धापा टाकत, हातात पंचपात्री. नातवाच्या वाळ्यांना देवाचा हात लागावा म्हणून एक पळीभर तीर्थ तिनं साच्याच्या तोंडात सोडलं आणि पदर सावरून बाजूला झाली. अनसूया तान्ह्याला घेऊन दारात. तिनं पाहिलं. "अहो—" म्हणेपर्यंत केरब्यानं मूस कलती केली होती.

फाट्!

चांदी साच्यात राहिलीच नाही. केरब्याचा डावा डोळा गेला.

तालुक्याच्या दवाखान्यात खाटेवर पडून तो विचारत राहिला, "साचा तर मी वाळवला होता गं. मग?" अनसूयेनं सांगितलं. केरबा भिंतीकडं तोंड करून पडला. तसाच म्हणाला, "आईला कळू द्यायचं नाही."

घरी आला. गोदाबाईनं त्याच्या पट्टीवरनं हात फिरवला. "केरबा, मी साच्यात तीर्थ घातलं होतं बरं का. म्हणून एकावर निभावलं, नाहीतर दोन्ही गेले असते. या वेळेला मला उशीर झाला नाही."

बोला मंडळी, काय सांगाल?

केरबा म्हणाला, "होय आई. अगदी वेळेवर आलीस."

म्हातारी त्या रात्री गाढ झोपली. पुढं नदीवर, बाजारात, भेटेल त्या बाईला तिनं हे सांगितलं. अनसूया शेजारी धुणं धूत ऐकायची. केरब्याला लोक भला माणूस म्हणतात. तिला कुणी विचारलं? राखेतनं वेचलेले चांदीचे थेंब तिनं चिंधीत बांधून पाळण्याला अडकवले, बस्स. वाळे पुन्हा झालेच नाहीत. पोरगं रिकाम्या पायानं चालायला लागलं. डाव्या बाजूनं आलं की केरब्याला दिसायचं नाही, आणि आवाजही यायचा नाही.

आता घरी जाल. उद्या तुमची म्हातारी चहात दोनदा साखर घालील, औषध म्हणून भलतंच काहीतरी चोळील. तुम्ही खेकसाल. खेकसता की नाही, खरं सांगा? अहो, तुमचे तर दोन्ही डोळे शाबूत आहेत. मग तिच्याकडं बघून "बरं झालं आई" एवढं म्हणायला तुमचं काय जातं?

घ्या टाळ. आज जरा हळू वाजवा.